नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणारी गाडी येऊन उभी राहिली म्हणजे तिला घाट चढविण्यासाठी मागे जादा एंजिने जोडतात. तेवढ्या वेळात उतारू खाली उतरून बटाटेवडे घेतात, चहा पितात, आणि शिटी होताच धावतपळत डब्यात शिरतात. हा खोळंबा आम्हा कर्जतकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, हा लोहमार्ग आपल्या दारावरून कोणी व कसा नेला, हा प्रश्न आमच्या मनात सहसा उद्भवत नाही. आमच्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे ह्या रेल्वेच्या आधारानेच इकडे येऊन स्थायिक झाली. तेव्हा महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत, धर्मगुरू व उपकारकर्ते ह्यांच्या आठवणींबरोबर, ज्या एका व्यापारी गृहस्थाने ह्या लोहमार्गाच्या आरंभी हात घातला आणि पुढे ह्या इलाख्याच्या कायदे कौन्सिलात आसन मिळविले, त्याचेही चरित्र थोडक्यात द्यावे असे आम्ही योजिले आहे. नाना आमच्या धर्माचे नव्हते. ते निष्ठावंत हिंदू म्हणून जगले व वारले. परंतु ज्याचे मीठ खाल्ले त्याचे नाव घेण्यास जातधर्म आड येऊ नये, असे आम्हांस वाटते.

जगन्नाथ शंकरशेट ह्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे दैवज्ञ सोनारांचे, आडनाव मुरकुटे, आणि मूळ ठिकाण मुरबाड. मुरबाड म्हणजे आमच्या तालुक्याचा सख्खा शेजारी. मध्ये काय तो डोंगर. त्या काळी तर हा सगळा मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत असे. कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला तो १८९१ साली, आणि कुलाब्याचा रायगड झाला तो १९८१ साली. म्हणून नानांना आम्ही आमच्याकडचे म्हटले तर मुंबईकरांनी रागावू नये.

त्यांचे आजोबा बाबुलशेट ह्यांनी अठराव्या शतकात मुंबईस येऊन व्यापारात जम बसविला, आणि वडील शंकरशेट ह्यांनी तो इतका वाढविला की, किल्ल्यातील धनिकांत त्यांची गणना होऊ लागली. आई भवानीबाई लवकरच निवर्तल्या. १८२२ साली शंकरशेटही गेले आणि एकोणीस वर्षांच्या जगन्नाथाच्या शिरावर सगळ्या पेढीचा भार पडला. त्या वयात हाती आलेली दौलत उधळून मोकळे झालेले शेटपुत्र मुंबईने पुष्कळ पाहिले आहेत. नाना त्यांपैकी निघाले नाहीत.

त्यांच्या व्यापाराविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबई बंदरात उतरणारे अरब, अफगाण व इतर परदेशी सौदागर आपली रोकड आणि जडजवाहीर तत्कालीन बँकांत न ठेवता नानांच्या पेढीवर ठेवीत. परक्या मुलखातील, परक्या धर्माचा, भाषाही न समजणारा मनुष्य आपली जन्माची कमाई एखाद्याच्या तिजोरीत टाकून समुद्रापार निघून जातो, तेव्हा त्याने त्या गृहस्थाविषयी बाजारात पुष्कळ चौकशी केलेली असते. नानांच्या पुढील साऱ्या सार्वजनिक आयुष्याचे मूळ आम्हांस ह्या तिजोरीत दिसते. लोकांनी प्रथम त्यांच्यापाशी पैसा ठेवला, मग आपले तंटे ठेवले, आणि सरतेशेवटी आपली गाऱ्हाणी सरकारदरबारी पोचविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. इलाख्यात हिंदी गृहस्थांस प्रथमच ‘जस्टिस ऑफ दि पीस’ नेमण्यात आले, तेव्हा त्या पहिल्या यादीतही त्यांचे नाव होते.

मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके ह्यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढे ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांचा तिला पाठिंबा होता. तरुण नाना तिच्या कारभारात शिरले ते कायमचेच. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व शास्त्री मंडळी ह्यांनी गणित, भूमिती इत्यादी विषयांची पुस्तके मराठीत तयार केली, ती ह्याच सोसायटीच्या आश्रयाने. एल्फिन्स्टन साहेब १८२७ साली स्वदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर रुपये जमविले आणि त्यातून जी विद्येची संस्था उभी राहिली तिला त्यांचेच नाव मिळाले. ह्या उद्योगातही नाना पुढे होते.

१८४० साली सरकारने शिक्षणाचा कारभार ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’कडे दिला. बोर्डावर तीन हिंदी सभासद होते: एक नाना, दुसरे पारशी गृहस्थ फ्रामजी कावसजी, तिसरे कोकणी मुसलमान महंमद इब्राहीम मकबा. १८४३ साली सर अर्स्किन पेरी हे न्यायमूर्ती बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि काही वर्षांत बोर्डात मोठा वाद पेटला. पेरी साहेब विद्वान होते आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. परंतु त्यांचे मत असे की, सरकारजवळ पैसा थोडा, तो इंग्रजी शिक्षणावर खर्चावा. वरच्या थरातील थोडे लोक इंग्रजीतून शहाणे झाले म्हणजे ते शहाणपण हळूहळू खाली झिरपेल. नानांस हे मुळीच मान्य नव्हते. इंग्रजी शिकू नये असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात ती भाषा उत्तम चालत असे. पण शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या मुलास विद्या द्यावयाची तर ती त्याच्या मातृभाषेतूनच दिली पाहिजे, परकी भाषा बहुजनसमाजाची कधी होणार नाही, असे त्यांनी लेखी मत दिले. फ्रामजी व मकबा त्यांच्या बाजूस उभे राहिले आणि जर्व्हिस हे इंग्रज असूनही त्याच बाजूस आले. हिंदू, पारशी, मुसलमान व इंग्रज अशी ही चौकडी मराठी-गुजराथीच्या कैवारासाठी एका न्यायमूर्तीशी झगडली, हे चित्र आम्हांस फार आवडते.

वाद सरकारपर्यंत गेला आणि अशा वादांचा लागतो तसा निकाल अर्धामुर्धा लागला. वरच्या शिक्षणाची भाषा इंग्रजीच राहिली. खालच्या शाळा मात्र देशी भाषांच्या राहिल्या. १८५४ साली विलायतेहून जो शिक्षणविषयक खलिता आला, त्यानेही दोन्ही भाषांस आपापली जागा दिली. आमच्या खेड्यापाड्यांतील पोरांनी धुळाक्षरे मराठीत गिरविली, ह्यात त्या अर्ध्या यशाचा वाटा आहे. येथे आमच्या वाचकांस एक आठवण देणे अवश्य वाटते. आपण ख्रिस्ती म्हणजे आपली भाषा मराठी कशी, असा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणी तरी विचारलेला असतो, आणि आपलेही काही बांधव घरी मराठी बोलण्यास संकोचतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, फादर स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, ते ह्या वादाच्या सव्वादोनशे वर्षे आधी. आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो. ती सवलत १९६० नंतरच्या दशकात मिळाली. नाना ज्या न्यायासाठी बोर्डात भांडले, त्याच न्यायाने ती मिळाली. असो.

इतर कार्यांचा केवळ उल्लेख करून पुढे जातो. सती बंद करण्याच्या कामी त्यांनी गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांस साहाय्य केले. सोनापूर येथे हिंदूंच्या दहनासाठी जागा मिळाली ती त्यांच्या खटपटीने. ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले ते त्यांच्या जागेत. राणीचा बाग व त्यालगतचे वस्तुसंग्रहालय ह्यांच्या मुळाशी डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांच्याबरोबर नानांचेही परिश्रम होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा पहिल्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली. मुलींच्या शाळेविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या तरुणांनी १८४९ साली मुलींसाठी शाळा काढण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्याजवळ उत्साह होता पण जागा नव्हती. मुलगी शिकली तर विधवा होते, असे उघड बोलणाऱ्या शहरात जागा देणार कोण? नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात त्या शाळेस जागा करून दिली. त्यांच्याच समाजातील कर्मठ लोकांनी नाके मुरडली. पण ज्या वाड्यात आपली ठेव सुरक्षित राहते, त्या वाड्यात आपली मुलगीही सुरक्षित राहील, हे गिरगावकरांस हळूहळू पटले.

आता लोहमार्गाकडे वळू. विलायतेत आगगाड्या धावू लागल्याचे वर्तमान मुंबईस आले, तेव्हा येथील व्यापाऱ्यांत ज्या थोड्यांनी त्याचे मर्म ओळखले, त्यांत नाना व सर जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते. ह्या दोघांच्या पुढाकाराने १८४५ साली रेल्वेसाठी एक मंडळी मुंबईत उभी राहिली आणि पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीत ती सामील झाली. कंपनीच्या दहा डायरेक्टरांत हिंदी असे दोघेच होते, नाना आणि जमशेटजी. कंपनीच्या आरंभीच्या कचेरीस नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली, असेही सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, पुढे तीन एंजिने आणि एकवीस तोफांची सलामी, असा थाट होता. त्या पाहुण्यांत नाना होते.

ठाण्यापर्यंतचा तो मार्ग म्हणजे एकवीस मैलांची सपाटीवरची सहल. खरी परीक्षा आमच्या तालुक्यात व्हावयाची होती. १८५४ साली गाडी कल्याणास आली आणि १८५६ च्या मे महिन्यात पळसदरीवरून खोपोलीस पोचली. तेथे सह्याद्री आडवा. दोन वर्षांनी घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच राहिला. उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखी, तट्टू किंवा गाडी करून खंडाळ्यास चढावे आणि तेथे पुन्हा आगगाडीत बसावे, असा पाच वर्षे क्रम चालला. आज कर्जतहून केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीस जाणारी लोकल ज्या रुळांवरून धावते, तो एके काळी पुण्याचा हमरस्ता होता, हे नव्या पिढीस सांगितले तर खरे वाटत नाही.

बोरघाटाच्या कामास १८५६ च्या आरंभी सुरुवात झाली होती. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कली ह्यांनी आखलेला मार्ग सुमारे पावणेसोळा मैलांचा, चढ अठराशे फुटांहून अधिक, बोगदे पंचवीस, आणि कोठे कोठे सदतीस फुटांस एक फूट अशी चढण. एवढा चढ एका दमात घेता येईना म्हणून वर एके ठिकाणी गाडीने तोंड फिरवून उलट दिशेने चढावे अशी सोय केली होती. ती १९२९ साली नवा मार्ग झाला तेव्हा गेली. कामाच्या भरात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा, आणि पटकीची साथ आली की मुक्कामच्या मुक्काम ओस. पहिल्या कंत्राटदाराच्या कारकीर्दीत मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ च्या आरंभी मोठा दंगा झाला आणि त्याने काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला तो थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची विधवा ॲलिस हिने कंत्राट टाकून न देता आपल्या एंजिनियरांकरवी ते पुरे करून दिले. १८६३ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला.

ह्या घाटाचा खरा हिशेब किती जिवांचा, हे कोणत्याही फलकावर कोरलेले नाही. नानांच्या चरित्रात आम्ही ही गोष्ट मुद्दाम घालीत आहोत. डायरेक्टरांच्या बैठका मुंबईस थंड दिवाणखान्यांत भरत आणि दगड फोडणारा मनुष्य भर उन्हात आमच्या डोंगरावर मरे. नाना प्रजेचे कैवारी होते ह्यात शंका नाही, पण त्या वेळची सारी राजकीय चळवळ सुखवस्तू आणि सुशिक्षित लोकांची होती, आणि घाटातील पाथरवटापर्यंत तिचा हात पोचला नाही. थोर पुरुषाची थोरवी सांगताना एवढे म्हणणे भागच आहे. रेल्वेने आमच्या जंगलातील लाकूड व कोळसा झपाट्याने मुंबईस जाऊ लागला, व्यापाऱ्यांस बरकत आली आणि डोंगर उघडे पडू लागले. हाही त्याच हिशेबातील एक रकाना होय.

राजकारणात नाना उघडपणे आले ते १८५२ साली. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी ‘बाँबे असोसिएशन’ची स्थापना झाली. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था. जमशेटजी मानाचे अध्यक्ष, नाना कामाचे अध्यक्ष, आणि चिटणिसांत भाऊ दाजी व नानांचे चिरंजीव विनायकराव होते. कंपनी सरकारची सनद नवी होण्याची वेळ जवळ आली होती. असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. राज्यकारभाराच्या सभांत हिंदी लोकांस जागा द्याव्यात, शिकलेल्यांस अधिकारपदे मिळावीत आणि कारभारातील उधळपट्टी थांबावी, असा त्याचा रोख होता. आज ह्या मागण्या सौम्य वाटतील. त्या काळी त्या करणाराचे नाव सरकारदप्तरी टिपून ठेवले जात असे.

ह्याचा अनुभव नानांस १८५७ साली आला. उत्तरेत बंड पेटले आणि मुंबईतील साहेबलोकांच्या तोंडचे पाणी पळाले. एवढा धनवान, एवढा वजनदार हिंदू आतून बंडवाल्यांस सामील असला पाहिजे, अशी कुजबूज सुरू झाली. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट हे वेष पालटून शहरात हिंडण्यात प्रसिद्ध होते. त्यांनी तपास केला. आळ खोटा ठरला आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांचीही खात्री पटली. परंतु ज्या सरकारशी पस्तीस वर्षे सरळपणे वागलो, त्या सरकारने एका अफवेवरून आपल्या दारावर नजर ठेवावी, हे त्या वृद्ध होत चाललेल्या गृहस्थास किती लागले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याहून विशेष हे की, ह्या मनस्तापानंतरही त्यांनी सार्वजनिक कामातून अंग काढून घेतले नाही.

१८६१ च्या कायद्याने इलाख्यांतील कायदे कौन्सिलांत सरकारनियुक्त बिनसरकारी सभासद घेण्याची सोय झाली, आणि १८६२ साली मुंबईच्या कौन्सिलात जे पहिले हिंदी सभासद बसले, त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. दहा वर्षांपूर्वी पार्लमेंटकडे जे मागितले, त्याचा एक लहानसा तुकडा पदरात पडला आणि पेढीवरचे शेट आता नामदार झाले. कौन्सिलाचा अधिकार मात्र फार थोडा होता. पुढे आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलावे, एवढेच; सरकारास प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती आणि अंदाजपत्रकाची चर्चाही नव्हती. ते हक्क मिळण्यास १८९२ साल उजाडावे लागले. आजचे विधिमंडळाचे सभासद ज्या सभेचा वारसा सांगतात, तिच्या पहिल्या बैठकींत आपला माणूस केवळ बोलण्यापुरता होता. पण नाना तेथे मोकळ्या हाताने गेले नव्हते. शाळा, रस्ते, दवाखाने, जमिनी, व्यापार, ह्या सर्वांची चाळीस वर्षांची माहिती त्यांच्याजवळ होती, आणि नव्याने बदलून आलेल्या साहेबांपेक्षा इलाखा त्यांना अधिक ठाऊक होता. व्यापारी मनुष्य कायदे करण्याच्या जागी जाऊन बसला म्हणजे लोक त्याच्या हाताकडे बारीक नजरेने पाहतात, आणि पाहावेच. नानांच्या बाबतीत पाहणारांस काही सापडले नाही.

त्यांची शेवटची वर्षे मुंबईच्या वेड्या वर्षांत गेली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने कापसाचे भाव आकाशास भिडले, पैशाचा पूर लोटला, रोज नव्या कंपन्या निघू लागल्या आणि शिपायापासून शेटपर्यंत जो तो शेअरांच्या नादी लागला. युद्ध संपले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच बाजार कोसळला. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. जन्मभर लोकांच्या ठेवी सांभाळलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर शहराची पत धुळीस मिळाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना निवर्तले. वय बासष्ट वर्षांचे होते.

चिरंजीव विनायकराव ह्यांनी वडिलांच्या नावे मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली. मराठी घरांत तिचा मान एवढा की, ‘शंकरशेट स्कॉलर’ हे शब्द नावापुढे पदवीसारखे लावीत. १९१२ साली ती आमच्याच जिल्ह्यातील रोह्याच्या एका मुलाने मिळविली. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. तो पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला. पेढीवाल्या नानांच्या नावची शिष्यवृत्ती घेतलेला मुलगा साऱ्या देशाच्या तिजोरीवर जाऊन बसला, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. ग्रँट रोडजवळच्या चौकास आज नानांचे नाव आहे आणि टाउन हॉलात, एशियाटिक सोसायटीच्या दालनात, त्यांचा संगमरवरी पुतळा बसविलेला आहे. आमच्या वाचकांपैकी कोणी कर्जत लोकलने मुंबईस उतरले आणि हाताशी अर्धा तास असला, तर स्थानकापासून तेथवर पायी जाता येते.